अंबडच्या गाळ्यातला बेअरिंगचा रिपोर्ट: कामाचा किती, कागदाचा किती

नवं मेटल भरलेलं असतं, ब्लू (शाफ्ट कुठं टेकतो ते दाखवणारा निळा रंग) बसवलेला असतो, शाफ्ट हातानं हलका फिरतो. तरी मशीन सुरू झालं की बेअरिंगचं एकच तोंड, म्हणजे एका टोकाची कड, तापायला लागतं. अशी प्रकरणं घेऊन सातपूर, सिन्नर, निफाडकडून लोक अंबड एमआयडीसीतल्या ज्या गाळ्यात जातात, त्याच्या कामाचं हे परीक्षण आहे. तिथं दोन कामं होतात. व्हाइट मेटल (बेअरिंगच्या आतला मऊ मिश्रधातू) भरून देतात आणि तिरक्या बसलेल्या जर्नल बेअरिंगचं, म्हणजे शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो अशा बेअरिंगचं, तेलाच्या थराचं गणित करून छापील रिपोर्ट देतात. मेटलचं काम नाशकात इतरही करतात. इथं बोलायचं आहे ते रिपोर्टबद्दल, कारण त्यातली रंगीत चित्रं पाहून माणूस दबून जातो आणि पहिल्या पानावरचा एक आकडा विचारायचा राहून जातो.

तो आकडा म्हणजे तिरकेपणा. शाफ्ट बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या नळीसारख्या भागात) किती मिलिमीटर प्रति मीटर कलला आहे, हे कुणी, कशानं आणि मशीन गार असताना मोजलं की गरम असताना? पुढची वीस पानं या एका आकड्यावर उभी असतात.

उदाहरणासाठी साधं बेअरिंग घेऊ. बॉयलरच्या आयडी फॅनचं (धूर ओढणाऱ्या पंख्याचं) पेडेस्टल, म्हणजे बेअरिंगचं उभं घर, जर्नल (शाफ्टचा बेअरिंगमधला भाग) १०० मिमी व्यासाचा, बुशची लांबी ८० मिमी, क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशमधली फट) त्रिज्येवर ०.०८ मिमी, म्हणजे व्यासावर ०.१६. एका बेअरिंगवर ८ किलोन्यूटन वजन, वेग मिनिटाला १४८० फेरे, तेल व्हीजी ४६ (जाडीचा दर्जा), तापमान ६० अंश. बेअरिंगवर दाब पडतो १ मेगापास्कल. या तेलाची स्निग्धता ६० अंशाला साधारण ०.०१८ पास्कल-सेकंद धरली तर सोमरफेल्ड आकडा (वजन, वेग, स्निग्धता आणि फट एकत्र मांडणारा) ०.१७ च्या आसपास येतो आणि रायमोंडी-बॉइडच्या १९५८ च्या तक्त्यांवरून शाफ्ट क्लिअरन्सच्या सुमारे ०.६ पट सरकलेला निघतो (ही त्याची सरक). म्हणजे सगळ्यात पातळ जागी तेलाचा थर ३२ मायक्रॉन. इथपर्यंत कॉम्प्युटर लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो.

आता तिरकेपणा घाला. बुशच्या मध्यापासून तोंड ४० मिमीवर आहे. शाफ्ट ०.८ मिमी प्रति मीटर कलला की तोंडाशी ३२ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे कागदावर थर संपला. पण इतकं सरळ नसतं. थर सगळ्यात पातळ होतो तो वजनाच्या बरोबर खाली नव्हे, फिरण्याच्या दिशेनं पुढं. या सरकेला ते अंतर साधारण ५० अंश असतं. त्यामुळं उभ्या पातळीतला कल त्या जागी ०.६४ पट लागू होतो, तर आडव्या पातळीतला ०.७७ पट. कपलिंगच्या बाजूनं आडवा राहिलेला कल उभ्यापेक्षा जास्त थर खातो, हे ऐकून भले भले फिटर मान हलवतात. या गाळ्याच्या रिपोर्टमध्ये उभा आणि आडवा कल वेगळे दिलेले असतात. ही त्यांची पहिली जमेची बाजू. एकच ‘मिसअलाइनमेंट अँगल’ लिहून दिशा न सांगणारा रिपोर्ट कुणी दिला तर तो परत करावा.

दुसरी जमेची बाजू म्हणजे शाफ्टचा स्वतःच्या वजनानं पडणारा झोळ ते हिशेबात धरतात. अलाइनमेंटवाले कपलिंगवर डायल लावून शून्य-शून्य दाखवतात, पण जर्नलच्या जागी शाफ्ट वाकलेला असतोच. वरच्या फॅनचा शाफ्ट १६० मिमी जाड, दोन बेअरिंगांतलं अंतर १.२ मीटर आणि मध्ये १६ किलोन्यूटन वजन धरलं, तर दोन्ही जर्नलवर उतार येतो सुमारे ०.२२ मिमी प्रति मीटर. तोच शाफ्ट १२० मिमी असता तर ०.६९. व्यास पाऊण झाला की उतार तिपटीहून वाढतो, कारण हिशेबात व्यासाचा चौथा घात बसतो. म्हणून जुन्या चांगल्या पेडेस्टलांत बुशच्या पाठीला गोल सीट असते, शाफ्टबरोबर बुशही कलते. पण पेडेस्टलची टोपी जास्त आवळली किंवा सीट कोरडी पडून जाम झाली, की ती गोलाई नुसती शोभेची. रिपोर्टमध्ये ‘सेल्फ अलाइनिंग’ असं धरून कल शून्य टाकला असेल, तर आधी सीट सुटी आहे का ते विचारा. इथं ते टोपी कसल्यावर सीट हलते का पाहतात आणि तशी नोंद करतात.

त्यावर तापमानाची भर. पेडेस्टल ५०० मिमी उंच असेल आणि ३० अंशांनी तापलं, तर सुमारे ०.१७ मिमी वर उचलतं. पलीकडचं पेडेस्टल फक्त ०.०५ मिमी उचललं, तर १.२ मीटरमध्ये ०.१२ मिमीचा फरक, म्हणजे आणखी ०.१ मिमी प्रति मीटर. झोळ आणि ताप एकाच बाजूला पडले तर उभा कल ०.३२. त्याचे ०.६४ पट धरून तोंडाशी ८ मायक्रॉन जातात, ३२ चे २४ उरतात. घासलेल्या पृष्ठभागांचा खडबडीतपणा एखाद-दीड मायक्रॉन, तेव्हा २४ पुष्कळ वाटतात. मात्र तेलाचा फिल्टर २५ मायक्रॉनचा असेल तर २४ मायक्रॉनच्या फटीतून जाणारा कण त्या फिल्टरला अडवता येत नाही. रिपोर्टमध्ये फिल्टरचा उल्लेख कुठंच नसतो. असायला हवा.

मोजणीचा प्रश्न इथं खरा चावतो. कल काढायची गावठी पद्धत म्हणजे बुशच्या दोन्ही तोंडांना चारही कोपऱ्यांत फिलर (फट मोजायची पातळ पत्र्याची पानं) घालायचा. फिलरच्या दोन पानांत ०.०१ मिमीचा फरक धरला, तर ८० मिमी लांबीवर तेवढी चूक म्हणजे ०.१२५ मिमी प्रति मीटर, तोंडाशी ५ मायक्रॉन. म्हणजे जो आकडा शोधायचा, त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त चूक मोजायच्या हत्यारातच. एक रेघ ०.०२ मिमी प्रति मीटर असलेली लेव्हल (बुडबुड्याची पाणसळ) जर्नलवर आणि बुशच्या खालच्या भागात ठेवून, उलटी फिरवून दोनदा वाचली तर उभ्या कलाचं काम पक्कं होतं. हा गाळा लेव्हल वापरतो, पण घाई असली की फिलरवर भागवतो. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘फिलर’ किंवा ‘लेव्हल’ असं लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. फिलर असेल तर एकच उत्तर न घेता कमीत कमी आणि जास्तीत जास्त कल धरून दोन रन मागा, म्हणजे प्रोग्राम दोनदा चालवायला सांगा. ते देतात, जादा पैसे घेत नाहीत.

आता कॅव्हिटेशन, म्हणजे तेलाचा थर फाटणं. फिरणारा शाफ्ट तेलाला पाचरीत ओढतो, तिथं दाब चढतो. पाचर संपून फट पुन्हा रुंद व्हायला लागली की दाब खाली जातो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८६ साली मांडलेलं समीकरण तसंच सोडवलं तर त्या भागात मोठा ऋण दाब निघतो. खऱ्या बेअरिंगमध्ये तेल तो ताण सहसा सोसत नाही. थर फाटतो, तेलात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि तेलाच्या रेघोट्या आणि मधे हवा अशी अवस्था येते. हा फाटलेला भाग कसा हाताळला, यावर प्रोग्रामची पत ठरते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ऋण दाब आला की शून्य लिहून टाकायचं, म्हणजे हाफ सोमरफेल्ड. उत्तर झटपट मिळतं, पण आत गेलेलं तेल आणि बाहेर आलेलं तेल जुळत नाही. त्याहून बरी रेनॉल्ड्स अट: फाटतो तिथं दाबही शून्य आणि दाबाचा उतारही शून्य. पुनःपुन्हा सोडवताना प्रत्येक फेरीत ऋण दाब शून्य करत गेलं की ही अट आपोआप पाळली जाते. ती फाटण्याची जागा बरोबर सांगते, पण पुन्हा थर कुठं जुळतो ते सांगत नाही. ते सांगायला याकॉब्सन, फ्लोबर्ग आणि ओल्सन यांची तेलाचं वस्तुमान राखणारी अट लागते. एलरॉडनं १९८१ साली ती कॉम्प्युटरवर बसेल अशा रूपात मांडली. बेअरिंगवर कल्पलेल्या जाळीच्या प्रत्येक चौकटीत दाबाऐवजी ‘भरणा’ धरायचा. भरणा १ च्या वर असेल तर थर सलग आणि दाब त्यावरून काढायचा, १ च्या खाली असेल तर फट तेवढीच भरलेली.

गाळ्यात एलरॉडची पद्धत वापरतात आणि रिपोर्टमध्ये तसं लिहितात. पण त्या पद्धतीचा एक रोग त्यांना पूर्ण आवरलेला नाही. सीमेवरच्या चौकटी एका फेरीत भरलेल्या, दुसऱ्या फेरीत रिकाम्या, अशा लुकलुकत राहतात. त्याला उतारा म्हणून तेल दाबलं जायला किती विरोध करतं तो गुणांक (बल्क मॉड्युलस) खऱ्यापेक्षा बराच कमी धरतात. खरा दीड गिगापास्कलच्या आसपास असतो, प्रोग्राममध्ये त्याचा दहावा हिस्साही चालवतात. साधारण दाबाला त्यानं फार बिघडत नाही. पण तिरक्या बेअरिंगच्या तोंडाशी जिथं दाबाचं टोक येतं, तिथं ते टोक बोथट होऊन दिसतं. म्हणून ‘कमाल दाब’ या ओळीवर फार विसंबू नये. ‘किमान थर’ या ओळीवर जास्त विसंबावं.

तीन गोष्टी मागून घ्याव्यात, मिळतात. एक, त्याच प्रोग्रामवर सरळ बेअरिंगचा रन: लांबी व्यासाइतकी, सरक ०.६, तेव्हा सोमरफेल्ड आकडा ०.१२१ च्या जवळ यायला हवा. दोन, आत येणारं आणि कडांनी गळणारं तेल यांचा ताळा, एक टक्क्याच्या आत. तीन, लांबीच्या दिशेनं जाळी दुप्पट करून किमान थर किती हलला. सरळ बेअरिंगला लांबीत वीस चौकटी पुरतात. तिरक्याला त्या तोंडाशी दाटीनं लावाव्या लागतात, कारण सगळा खेळ शेवटच्या काही मिलिमीटरांत असतो. ताळा मागितला की समोरचा माणूस अडखळतो का, एवढ्यावरूनही बरंच कळतं. इथला अडखळत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर लाल चौकटीत ‘कॅव्हिटेशनमुळं मेटल खराब होण्याचा धोका’ असं छापलेलं असतं, फॅन असो की मोटर. स्थिर वजनाच्या बेअरिंगमध्ये फाटलेल्या थरात असते ती बहुतेक हवा, आणि हवेचे बुडबुडे हळू दबतात, मेटल उकरत नाहीत. मेटल खातात ते तेलाच्या वाफेचे बुडबुडे, क्षणात फुटणारे. ते दिसतात इंजिनच्या क्रँक बेअरिंगमध्ये, जिथं वजन प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलतं. फॅनच्या बेअरिंगच्या शेलवर (बुशच्या अर्ध्या तुकड्यावर) दव पडल्यासारखा मळकट, बारीक टिंबांचा पट्टा दिसला तर आधी व्हीएफडीकडं (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाकडं) बघा. शाफ्टमधून बेअरिंगमार्गे करंट जात असेल, तर ठिणग्यांनी मेटल असंच दिसतं. तेव्हा शाफ्टला अर्थिंग ब्रश किंवा इन्सुलेटेड बेअरिंग हा उपाय आहे, ग्रूव्ह (तेलाची खाच) बदलणं नव्हे. लाल चौकट पाहून ग्रूव्ह बदलून बसलात तर बिघाड जिथल्या तिथंच राहतो.

त्याहून मोठी उणीव तेलाच्या पुरवठ्याची. रिपोर्ट गृहीत धरतो की इनलेट ग्रूव्ह काठोकाठ भरलेला आहे. पंपानं तेल देणाऱ्या टर्बाइनला ते चालतं. पण नाशिकमधल्या अनेक फॅनांच्या पेडेस्टलमध्ये तेल नेते ती शाफ्टवर लोंबणारी कडी, म्हणजे ऑइल रिंग. वरच्या उदाहरणात कडांनी गळणारं तेल मिनिटाला दीड लिटरच्या आसपास निघतं. घर्षणात जाते ती ताकद पेट्रॉफच्या सूत्रानं सुमारे ३४० वॅट, प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्त. दीड लिटर तेल ही उष्णता ८ अंश तापून वाहून नेतं. कडीनं निम्मंच तेल आणलं तर तेच तेल १६ अंश तापतं. व्हीजी ४६ तेल ६० अंशाला २० सेंटिस्टोकच्या (स्निग्धतेचं माप) आसपास असतं आणि ७० ला १५ वर येतं. सोमरफेल्ड आकडा त्याच प्रमाणात घसरतो, शाफ्ट आणखी खाली बसतो आणि तिरक्या तोंडाशी उरलेले मायक्रॉन आणखी कमी होतात. एप्रिलमध्ये शेडमधली हवाच ४० अंशाला असते, तेव्हा सुरुवातच वरून होते. वस्तुमान राखणारी पद्धत असल्यानं प्रोग्रामला उपाशी बेअरिंग मांडता येतं. ते न मांडणं ही सवय आहे. ‘ऑइल रिंग आहे, भरणा निम्मा धरून चालवा’ असं आधीच सांगा. तापमानही एकच न धरता दोन-तीन धरायला लावा.

मेटलच्या कामाबद्दल थोडक्यात. जुनं मेटल वितळवून काढणं, पाठ साफ करून कथील लावणं, फिरत्या साच्यात कथिलाचं मेटल ओतणं, हे नीट होतं. पाठ आणि मेटल चिकटलं का याची आयएसओ ४३८६ प्रमाणे अल्ट्रासॉनिक तपासणी मागितली तर करून देतात, मात्र ती बिलात आधी लिहून घ्यावी. वाद आहे तो स्क्रॅपरवर (मेटल घासायच्या हत्यारावर). बेंचवरचे मिस्त्री जुन्या वळणाचे, ब्लू खालच्या अर्ध्या भागात सगळीकडं लागेपर्यंत घासत राहतात. एकदा शेल पालथा घालून म्हणाले, “बघा साहेब, कडेपासून कडेपर्यंत ब्लू लागला, आता काय पाहिजे?” पलीकडून गणित करणारा पोरगा म्हणाला, “काका, शाफ्टच्याच गोलाईचा खळगा पाडलात तर तेलाला पाचर कुठून मिळणार?” दोघांचंही थोडं खरं आहे. रोटरचं वजन बुशवर ठेवून घेतलेल्या ब्लूमध्ये झोळाचा कल आपसूक येतो, हा मिस्त्रींचा फायदा. पण बुशचा व्यास शाफ्टपेक्षा मोठा असतो तो उगाच नाही, आणि ब्लूचा थरच काही मायक्रॉनचा. तळाशी अरुंद पट्ट्यात ब्लू लागला, दोन्ही तोंडांपर्यंत पोचला, की थांबावं. शिवाय तोंडाशी शेवटच्या दहा-एक मिलिमीटरमध्ये दहा-वीस मायक्रॉन उतरता घास दिला, तर कललेला शाफ्ट कडेवर बसत नाही. रिपोर्टमध्ये या उतारासाठी वेगळा रन मिळतो. संपूर्ण सेवेतला सगळ्यात उपयोगी कागद तोच.

कुणी जाऊ नये तेही सांगतो. निफाडकडच्या साखर कारखान्यांतून मिलच्या रोलरची बेअरिंगं घेऊन लोक येतात. रोलर मिनिटाला चार-पाच फेरे फिरतो. जर्नल ४५० मिमी धरला तरी पृष्ठभागाचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर, आणि वर प्रचंड दाब. तिथं तेलाचा पूर्ण थर तयारच होत नाही, धातू धातूवर चालतो. रेनॉल्ड्सचं समीकरण तिथं गैरलागू. तिथं जाड तेल, पाण्याचं कूलिंग आणि गनमेटलचा दर्जा बघावा. त्याच कारखान्याची पॉवर टर्बाइन मात्र या रिपोर्टला अगदी योग्य गिऱ्हाईक. इंजिनचं क्रँकही इथं आणू नये. वजन सतत बदलतं, शाफ्टचा फिरता मार्ग काढावा लागतो, आणि यांचा प्रोग्राम स्थिर वजनाचा आहे.

वेळेचं म्हणाल तर गळीत हंगाम संपला की, उन्हाळ्यात, रांग लागते. फॅनचं काम असेल तर दिवाळीआधी उरकून घ्यावं.

आणि जाताना जुना शेल पुसून, चकाकवून नेऊ नका. तेलकट असतानाच वर्तमानपत्रात गुंडाळा. खालच्या शेलच्या एका तोंडाशी चकचकीत चट्टा आणि वरच्या शेलच्या उलट्या तोंडाशी तसाच दुसरा, हा तिरकेपणाचा अंगठा असतो, आणि तो चिंधीनं अर्धा जातो. ड्राइव्हची बाजू कोणती, ही खूण खडूनं करू नका, तेलावर टिकत नाही. शेलच्या पाठीला पंचनं एक ठिपका मारा किंवा भोकातून तार ओवून चिठ्ठी बांधा. बाजू उलटली तर आडव्या कलाचं चिन्ह उलटतं आणि उतरता घास चुकीच्या तोंडाला पडतो.